मावळ्याच्या अंगावर सॅटिन कशाला?

फेब्रुवारी उजाडला की मालवण, कुडाळ, सावंतवाडी येथील कापडाच्या दुकानांत दरवर्षी एकच संवाद ऐकू येतो. शाळेची शिवजयंतीची मिरवणूक दोन दिवसांवर आलेली असते, मुलाला मावळा व्हायचे असते आणि आई घाईत असते. दुकानदार फळीवरून भगव्या सॅटिनचा तागा ओढतो, हाताच्या एका झटक्यात गादीवर उलगडतो आणि म्हणतो, "ह्यां घेवा वहिनी, लांबसून चकाकतलां." वहिनी कापड चिमटीत धरून क्षणभर घुटमळतात. "घाम येतलो पोराक ह्याच्यात," असे पुटपुटतातही. पण दुकानदाराचे उत्तर तयार असते, "एका दिवसाचो तर प्रश्न!" कापड फाडले जाते, सोनेरी लेस मोजून दिली जाते, शिंप्याला रात्र जागवायला लावले जाते. १९ फेब्रुवारीच्या सकाळी रस्त्यावर शेकडो मावळे उभे राहतात आणि ते सारे एकाच ताग्यातून कापल्यासारखे दिसतात. त्यांच्यात राजा कोण, सरदार कोण आणि पाईक कोण, हे हातातल्या पुठ्ठ्याच्या तलवारीच्या लांबीवरूनच काय ते ओळखावे!

लांबून चकाकते, हे खरेच आहे. प्रश्न असा की, चकाकणारे हे नेमके कोण असते? सतराव्या शतकात सह्याद्रीच्या कड्यांवरून उतरलेला आणि पुढे कोकणच्या दर्यावर गलबते हाकणारा माणूस तर हा निश्चितच नव्हे.

राष्ट्रापुढे इतके गहन प्रश्न उभे असताना पोरांच्या कपड्यांवर लेखणी झिजवावी काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भारतीय नौदलाने आधीच देऊन ठेवले आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका सेवेत दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा क्रूस उतरला आणि त्या जागी शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली अष्टकोनी आकृती आली. पुढच्या वर्षी, ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिन सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर साजरा झाला आणि नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पट्ट्यांतही शिवकालीन आरमाराचा वारसा उमटेल, अशी घोषणा येथूनच झाली. ध्वज काय आणि खांद्यावरची पट्टी काय, पाहू गेल्यास वीतभर कापडच ते! पण त्या वीतभर कापडावर काय असावे आणि काय नसावे, याचा विचार एका राष्ट्राने गांभीर्याने केला. मग जे कापड शिवरायांच्या नावाने आपल्याच लेकरांच्या अंगावर चढते, त्याचा विचार दुकानदारावर सोडून देणे कोणत्या शिवभक्तीत बसते?

मालवणचे महाराज कोणत्या वेषात आहेत?

या प्रश्नाचा निवाडा करायला पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत जाण्याची गरज नाही. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसावे आणि सिंधुदुर्गात उतरावे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या जलदुर्गाची पायाभरणी झाली. महाराजांच्या पश्चात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ साली, किल्ल्यात श्री शिवराजेश्वराचे मंदिर उभे राहिले. येथे महाराज देव म्हणून बसले आहेत, त्यांची नित्य पूजा होते. आणि पहिल्यांदा दर्शन घेणारा माणूस हमखास थबकतो, कारण शाळेच्या भिंतीवर त्याने पाहिलेले महाराज येथे नसतात. या मूर्तीला दाढी नाही. मस्तकावर जडावाचा मुकुट नाही. दर्यावर्दी कोळ्याच्या डोक्यावर शोभावी अशी टोपी आहे. सणासमारंभाला मूर्तीला चांदीचा मुखवटा आणि राजवस्त्रे चढतात. पण पाषाणात कोरलेले मूळ रूप मात्र समुद्राशी नाते सांगणारे, साधे आणि निग्रही आहे.

रायगडावर ज्यांनी ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक करवून घेतला, त्यांना राजवस्त्रांची वाण नव्हती. तरीही ज्या पिढीच्या आठवणीत महाराज अजून ताजे होते, त्या पिढीने या किनाऱ्यावर त्यांना असे पाहिले आणि असे पूजले. चकाकी आणि तेज यांतला भेद त्या अनाम शिल्पकाराला कळत होता. तो कळण्यासाठी त्याला कोणत्याही कलामहाविद्यालयात जावे लागले नव्हते.

महाराजांच्या रूपाच्या बाबतीत समाजाची फसगत पूर्वीही झालेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील घराघरांत शिवाजी महाराज म्हणून जे चित्र पूजले जात होते, ते त्यांचे नव्हतेच; इब्राहिमखान नावाच्या भलत्याच सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून खरे चित्र शोधून समाजापुढे ठेवले, तेव्हा कोठे ही चूक दुरुस्त झाली. एका चित्रासाठी संशोधक आयुष्य वेचतो. त्या खऱ्या चित्रात आणि दख्खनी चित्रकारांच्या इतर समकालीन चित्रांत अंगातला जामा, कमरेचा पटका, मंदिलावरचा तुरा हे सारे आज कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. आणि तरीही मिरवणुकीतल्या महाराजांचा पोशाख ठरवताना त्या चित्राकडे कोणी ढुंकून पाहत नाही! ड्रेपरीवाल्याकडे जे टांगलेले असेल, ते महाराजांच्या अंगावर चढते.

अडीच शतके उशिरा आलेला धागा

जे कापड आज 'ऐतिहासिक' म्हणून विकले जाते, त्याची जन्मपत्रिका एकदा मांडली पाहिजे. शिवछत्रपतींचे महानिर्वाण ३ एप्रिल १६८० रोजी झाले. बाजारातले स्वस्त सॅटिन ज्या पॉलिएस्टर धाग्याचे असते, तो धागा इंग्लंडमधील दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली सिद्ध केला. म्हणजे महाराजांच्या नंतर तब्बल २६१ वर्षांनी! जांभळ्या, गुलाबी, पोपटी रंगांचा जो भडकपणा आज डोळ्यांत घुसतो, त्याचे मूळ १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरातील द्रव्यापासून बनवलेल्या पहिल्या कृत्रिम रंगात आहे. कोणा मावळ्याच्या हाती मोटारीची किल्ली दाखवली तर प्रेक्षक हसतील. त्याच्या अंगावर मोटारीइतकेच आधुनिक कापड दिसते, तेव्हा मात्र टाळ्या पडतात.

याचा अर्थ शिवकाळात झळाळी नव्हती, असा मुळीच नाही. तसे सांगणारे लोक इतिहासावर दुसऱ्या बाजूने अन्याय करतात. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या भेटीला निघालेल्या महाराजांच्या वर्णनात जरीची कुडती आहे, मंदिल आहे, चोळणा आहे. पैठणचे रेशीम, बऱ्हाणपूरचे तलम कापड, किनखाब, मखमल, अतलस हे शब्द मराठी कागदपत्रांना परके नाहीत. राजापूरला इंग्रजांची आणि वेंगुर्ल्याला डचांची वखार होती आणि राजापूरच्या बंदरातून मिरीबरोबर देशावरचे कापडही जहाजांवर चढत होते. आज ज्या किनाऱ्यावर परगावच्या चकचकीत ताग्यांशिवाय शिवजयंती होत नाही, त्याच किनाऱ्यावरून एके काळी हिंदुस्थानचे वस्त्र दर्यापार जात होते, हे विसरून कसे चालेल?

पण त्या झळाळीची रीत निराळी होती. मशरू या कापडाचेच पाहा. त्यात उभा धागा रेशमाचा आणि आडवा धागा सुताचा असतो. विणकर ते अशा कौशल्याने विणतो की, रेशमाची तुळतुळीत चमक बाहेर राहते आणि अंगाला लागते ते सूत. चमक पाहणाऱ्यासाठी, सुख घालणाऱ्यासाठी! छत्रपती संभाजीनगरचा हिमरू असाच सूत आणि रेशीम यांच्या मिलाफाचा. विणकर कोणत्या पंथाचा होता, हा येथे प्रश्न नाही. ती विद्या या भूमीची होती आणि आज ती मोजक्या मागांवर तग धरून आहे. खरी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती काळाबरोबर मंद होत जाते आणि त्या मंदपणातच तिची प्रतिष्ठा असते. आजची लेस म्हणजे धातूचा पातळ लेप दिलेली प्लास्टिकची पट्टी. पहिल्या पावसात तिचा लेप जातो आणि उरते ते राखाडी दोरखंड.

भगव्या रंगाची तर याहून दैना आहे. भगवा हा गेरूच्या मातीत बुडवलेल्या सुती वस्त्राचा रंग आहे. संन्याशाच्या छाटीचा आणि वारकऱ्यांच्या पताकेचा तो रंग आहे. ज्याने सर्वस्वाचा त्याग केला, त्याने अंगावर घ्यावयाची ती खूण. त्या रंगाला आरशासारखी चमक देणे म्हणजे वैराग्याला अत्तर फासण्यासारखे आहे. ज्या समाजाने भगव्याला गुरू मानले, त्या समाजाला निदान हा विरोधाभास खटकायला हवा.

मशालीच्या उजेडातली चकाकी

येथे सिंधुदुर्गातला जाणकार वाचक हटकून एक आक्षेप घेईल. दशावताराचे काय? कार्तिक पौर्णिमा उलटली की गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या धयकाल्यात राजा येतो तो मखमलीत, जरीकामात, टिकल्यांच्या झगझगाटात. ती चकाकी या मातीतलीच नव्हे काय?

आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दशावताराच्या पेटाऱ्यातच आहे. दशावतारी मंडळी पूर्वी आपला सारा कपडेपट पेटाऱ्यांत भरून डोक्यावरून गावोगाव पायी नेत. पेटारा उघडण्यापूर्वी पूजा होई, कारण त्या वस्त्रांत देव उतरायचे असत. खेळ होई तो देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, एका बाकड्यावर, पलिते आणि मशाली यांच्या हलत्या, तांबूस उजेडात. दहा हातांवर बसलेल्या म्हाताऱ्याला राजाचा चेहरा धड दिसत नसे. त्या अंधारात जरीचा काठ, भुजकीर्तीवरचा आरसा, मुकुटावरची बेगड ज्योतीचा जरासा प्रकाश टिपून प्रेक्षकापर्यंत पोहोचवीत. म्हणजे ती चकाकी उजेडाची उणीव भरून काढत होती. आज मैदानावर पांढऱ्या झगझगीत दिव्यांचे खांब उभे असतात. तेथे त्याच चकाकीचा वरकस थर दिला की, कापडाचा रंगच दिसेनासा होतो आणि उरतात ते पांढरे डाग. ज्यांनी आपल्या मुलाचा सॅटिनमधला फोटो घरी येऊन पाहिला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. फोटोत पोर दिसत नाही, त्याच्या छातीवरचा उजेड दिसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वेष, अलंकार आणि रंगभूषा यांना 'आहार्य' अभिनय म्हटले आणि अभिनयाच्या चार अंगांत त्याला स्थान दिले. म्हणजे वस्त्रसुद्धा बोलते, हे या देशाने फार पूर्वी ओळखले होते. त्याच शास्त्राने नाट्यधर्मी आणि लोकधर्मी असा भेदही केला. दशावतारातला काळ्या वेषातला संकासूर हा नाट्यधर्मी. तो कोणत्याही शतकात राहत नाही, त्यामुळे त्याच्या वस्त्राला शतक विचारण्याचे कारण नाही. देव, दानव आणि पुराणातले राजे यांनी खुशाल चकाकावे. पण शिवाजी महाराज हे पुराण नव्हे. ते या मातीत जन्मले, चालले, लढले, त्यांची पत्रे आहेत, नाणी आहेत, किल्ले आहेत. त्यांना आणि त्यांच्या माणसांना पुराणातला झगमगीत वेष चढवणे म्हणजे त्यांना इतिहासातून उचलून दंतकथेत नेऊन बसवणे होय. महाराज काल्पनिक भव्यतेत हरवावेत, त्यांच्या राज्यकारभाराकडे, आरमाराकडे, शिस्तीकडे कोणी बारकाईने पाहू नये, असे ज्यांना वाटत असेल, त्यांचे काम आपणच आपल्या हातांनी, प्रेमाने, सोनेरी लेस लावून करीत आहोत!

मायनाक भंडारी कोठे आहे?

वेषाच्या निवडीतून स्मरणाची निवडही होत असते. मालवणच्या किनाऱ्यावरील शाळेत शंभर मुले सजली, तर त्यांत शिवाजी महाराज दहा, संभाजी महाराज दहा, बाकी सारे साच्यातले मावळे. मायनाक भंडारी किती? बहुधा एकही नाही. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी उभारताना ज्याने इंग्रजी गलबतांना दाद दिली नाही, तो हा दर्यासारंग. त्याच्या मदतीला आरमार घेऊन आलेला दौलतखान हाही त्याच स्वराज्याचा सेवक. भंडारी, कोळी, गाबीत समाजाची मुले ज्या शाळांतून शिकतात, तेथे त्यांच्याच पूर्वजांच्या पराक्रमाचा वेष कोणी शिवत नाही. कारण उघड आहे. खलाशाच्या वेषात चकाकी नाही. गुडघ्यापर्यंत कसलेले सुती धोतर, उघड्या अंगावर बंडी, डोक्याला घट्ट गुंडाळलेला रुमाल, पावसाळी वाऱ्यासाठी घोंगडे. दुकानदाराजवळ या वेषाचा तागा नसतो, म्हणून इतिहासातही या माणसाला जागा उरत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या बारांत सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे आणि मायनाकाचा खांदेरीही आहे. उद्या परदेशातला अभ्यासक मालवणात उतरेल, तट पाहील, बुरूज पाहील आणि योगायोगाने शिवजयंतीची मिरवणूकही पाहील. दगडाचा इतिहास अस्सल आणि माणसांचा मात्र बनावट, असे त्याने आपल्या वहीत टिपून घ्यावे काय?

देखाव्याच्या मोहाचे एक दुःख तर मालवणने अगदी जवळून सोसले आहे. राजकोटावर उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, अनावरणाला नऊ महिनेही झाले नसताना, कोसळला. त्या दिवशी या गावात चूल पेटवताना अनेक घरांत डोळे ओले झाले असतील. पुढे २०२५ साली नवा पुतळा उभा राहिला. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. पण डोळ्यांत भरणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा धडा तरी त्यातून घ्यावयास हवा होता. तो शासनासाठी जितका आहे, तितकाच वेष शिवणाऱ्या घरासाठीही आहे.

समाज जागा होऊ शकत नाही, असे नाही. २०२५ च्या जानेवारीत 'छावा' या चित्रपटाच्या झलकीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, तेव्हा महाराष्ट्रातून आक्षेप उठला आणि निर्मात्यांनी ते दृश्य वगळले. चित्रपटवाल्यांनी राजांना कसे दाखवावे, याबद्दल आपण इतके जागरूक. मग आपल्याच अंगणातल्या राजाला आपण कसे दाखवतो, याचा हिशेब कोणी मागायचा?

महागाईची सबब

आता राहिला खर्चाचा मुद्दा. मध्यमवर्गीय घराला हा मुद्दा टाळता येत नाही आणि कोणी तो टाळूही नये. एका दिवसासाठी किनखाब आणि हिमरू कोठून आणायचे?

आणायचे नाहीतच. मावळ्याला हिमरू लागत नाही, त्याला मांजरपाट लागतो. कोरा, बिनधुवट, जाडसर मांजरपाट आजही कोणत्याही जुन्या कापडवाल्याकडे मिळतो आणि तो लेस लावलेल्या सॅटिनहून महाग पडत नाही. त्याला रंग द्यायचा तर कोकणच्या घराने बाजारात जावे कशाला? खैराचा कात तपकिरी रंग देतो. हिरड्याच्या काढ्यात गंजलेले लोखंड टाकले की काळपट छटा येते. चुलीवरच्या पातेल्यात हा उद्योग मुलांनी स्वतः केला, तर इतिहासाचा एक तास वर्गाबाहेर शिकून होईल. कोळ्यांच्या मागच्या पिढ्या आपली सुती जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करीत. त्या आठवणी सांगणारे आजोबा अजून वाड्यांतून भेटतील.

फेट्यासाठी मलमल घ्यावी. सुती कापड घडी धरते, पीळ धरते. सॅटिनचा फेटा कपाळावरून घसरतो आणि मिरवणूकभर पोराचा एक हात तलवारीवर, तर दुसरा फेट्यावर राहतो. जिजाऊसाहेबांचा वेष करायचा तर आजीची पेटी उघडावी. तिच्यात एखादी विरलेली इरकली, एखादे नारायणपेठी, एखादा गुळेदगुड्डचा खण निघतोच. जुन्या लुगड्याचा फाटलेला भाग वगळून काठ आणि पदर सरदाराच्या अंगरख्याला लावले, तर जी शोभा येते, ती कोणत्याही लेसला साधत नाही. जर हवी तर काठापुरती, कमरेच्या पटक्यापुरती, तुऱ्यापुरती असावी. सारे अंगच चमकले, तर डोळा कोठेही ठरत नाही. साध्या कापडावरचा एकच जरीचा पट्टा मात्र वीस पावलांवरून डोळ्यांत भरतो. दुकानदाराला "लांबून दिसेल असे" हवे असते ना? मग हेच खरे लांबून दिसणारे.

आणखी एक गोष्ट पालकांनी विसरू नये. शिवजयंतीला मशालफेऱ्या निघतात. सुती कापडही पेट घेते, तेथे सावधगिरी हवीच. पण कृत्रिम धागा तापला की वितळतो आणि कातडीला चिकटतो. कोकणच्या दमट हवेत घामाने निथळणाऱ्या पोराच्या अंगावर असे कापड घालून त्याच्या हाती मशाल देणे हा कोणत्या परीने शौर्याचा संस्कार?

साध्या कापडाने प्रेक्षक प्रभावित होत नाहीत, असे ज्यांना वाटते, त्यांनी कोल्हापूरची लेक भानू अथैया यांचे स्मरण करावे. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात डोळे दिपवणारे कापड कितीसे होते? खादी, जाडेभरडे सूत, धुवून मऊ झालेली धोतरे आणि लुगडी! प्रत्येक वस्त्र ज्याच्या अंगावर आहे त्याचेच वाटावे, एवढा एक आग्रह त्यामागे होता आणि सारे जग त्या साधेपणापुढे झुकले. दुसऱ्या टोकाला बालगंधर्व. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी करणाऱ्या या नटाने रंगभूमीवर खरे शालू आणि खऱ्या पैठण्या आणल्या आणि त्यापायी कर्जही अंगावर घेतले. त्यांचे अनुकरण कोणत्याही घराने करू नये. पण नकली वस्त्राने प्रेक्षकाला फसवायचे नाही, हा त्यांचा बाणा मात्र घेण्याजोगा आहे. मांजरपाटाचा मावळा आणि शालूची नायिका हे दोघेही एकाच सत्याचे उपासक ठरतात. सॅटिनचा मावळा मात्र दोघांच्याही पंगतीत बसत नाही.

येत्या शिवजयंतीला, मग ती १९ फेब्रुवारीची असो वा फाल्गुन वद्य तृतीयेची, प्रत्येक शाळेने, मंडळाने आणि शाखेने एवढे तरी करावे. वेशभूषा स्पर्धेत चकाकीला गुण देणे थांबवावे. "हा वेष कोणाचा, हे कापड कोणते आणि तुला ते कसे कळले?" हे तीन प्रश्न परीक्षकांनी प्रत्येक मुलाला विचारावेत आणि उत्तरांना गुण द्यावेत. मिरवणुकीच्या अग्रभागी महाराजांच्या पालखीबरोबर खलाशांची एक तुकडी चालावी, सुती रुमाल बांधलेली, खांद्यावर वल्ही घेतलेली. एका वर्षात दुकानांतले तागे बदलणार नाहीत. पण गिऱ्हाईक मांजरपाट मागू लागले की, दुकानदारही मांजरपाट फळीवर आणतो. व्यापाराचा तो नियमच आहे.

आणि मिरवणूक संपली की मुलांना होडीत बसवून सिंधुदुर्गात न्यावे. शिवराजेश्वराच्या गाभाऱ्यासमोर, कोळ्याची टोपी घातलेल्या त्या राजापुढे, आपल्या रंगवलेल्या मांजरपाटाच्या बंडीतला एखादा पोरगा हात जोडून उभा राहील. त्या दोघांच्या वेषांत त्या दिवशी फारसे अंतर नसेल.